बस्ता कुठे बांधता?

भूगोलाच्या प्राध्यापकाला सहलीसाठी निमित्त शोधावं लागत नाही, सर्वेक्षण म्हटलं की काम भागतं. माझी संशोधक विद्यार्थिनी स्नेहल महाराष्ट्राच्या सीमेबाहेरच्या पांढुर्ण्याची. आसपासची कुठवरची गावं पांढुर्ण्याच्या बाजाराला येतात, हा तिचा पीएचडीसाठीचा विषय. विषय मंजूर करणाऱ्या समितीतले आमचे एक ज्येष्ठ सर मात्र ठाम होते, "तो सगळा पट्टा नागपूरकडे ओढलेला. पांढुर्ण्याचं वेगळं काय?" सोमवारी समितीपुढे याचं उत्तर द्यायचं होतं, नाहीतर लाडका विषय हातचा जाणार. म्हणून शनिवारी सकाळीच गाडी काढली.

सावनेरला रस्ता फुटतो. आम्ही आधी सौसरचा धरला. बोरगावच्या पुढे संत्र्यांनी वाकलेल्या बागा लागल्या की वेग आपोआप कमी होतो. सौसरला तर्री-पोहे खा, नागपूरपेक्षा स्वस्त आणि दुप्पट तिखट. तिथेच स्नेहलनं विचारायला सुरुवात केली: दवाखाना कुठला, बियाणं कुठलं, लग्नाचा बस्ता कुठे बांधता? लग्नाच्या कपड्यांचा भूगोलाशी काय संबंध? अहो, रुमाल माणूस कुठेही घेतो, बस्त्याला मात्र भरवशाच्याच गावी जातो.

"नागपूरले. अजून कुठं जाऊन राहिलो आमी?" पोहेवाल्या काकू म्हणाल्या. पानवाल्याचं उत्तर तेच, शेजारच्या मास्तरांचंही तेच. नागपूरकर म्हणून मला मनातून बरं वाटत होतं आणि स्नेहलचा चेहरा उतरत चालला होता. वाटेत जामसांवलीच्या मारुतीपुढे ती जरा जास्तच वेळ हात जोडून उभी राहिली.

पांढुर्ण्यात कापडाच्या एका दुकानात गादीवर अख्खं कुटुंब ठाण मांडून बसलं होतं, मध्ये साड्यांचा ढीग. नवरदेवाची आजी म्हणाली, "आमी नरखेडाकडचे."

"म्हणजे महाराष्ट्रातून इकडे बस्त्याला? नागपूर सोडून?" मी विचारलं.

"नागपूरचा दुकानदार लय घाई करते, बाई. हा चहा पाजते, अन् नाही आवडली तं साडी बदलूनबी देते. आमच्या गावचे सारे बस्ते इथलेच."

स्नेहलनं माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली. मग आजीनं मला शालू निवडायला लावला. माझी निवड सर्वानुमते नापास झाली.

"तुह्या बस्त्याले कधी येऊन राहिली?" तिनं स्नेहलला विचारलं.

"आधी विषय मंजूर होऊ द्या, आजी."

पांढुर्ण्यात लॉज आहेत, पण स्नेहलच्या आईनं आम्हाला जाऊ दिलं नाही. भाकर आणि झणझणीत वांग्याची भाजी खाऊन मी गाढ झोपले. रविवारी आणखी दुकानं फिरलो. सीमेपलीकडची माणसं भेटतच राहिली.

सोमवारी स्नेहलनं नकाशा मांडला. महाराष्ट्रातल्या गावांतून निघालेले बाण सीमा ओलांडून पांढुर्ण्यात शिरत होते. सरांनी चष्मा सारखा केला, बराच वेळ पाहिलं आणि विषय मंजूर केला. इतका आनंद मला माझी पीएचडी झाली तेव्हाही झाला नव्हता.

येताना डिकीत भरून आणलेली संत्री दोन दिवसांत संपली. नागपूरबद्दलचा माझा तोराही थोडा उतरला, आणि बरंच वाटलं. काल सरांनी मला व्हरांड्यात गाठलं. हळूच म्हणाले, "मुलीचं लग्न ठरलंय. त्या दुकानाचा पत्ता द्या ना."

मी धावत जाऊन स्नेहलला सांगितलं, "नागपुरातूनही एक बाण काढ."

ती म्हणाली, "आधी बस्ता बांधून येऊ द्या, मॅडम. मग काढते."