सुरीला वस्तऱ्याची धार

मी चौथी नापास, पण धारेतलं काही विचारायचं असेल तर मला विचारा. धुळ्यात चाळीस वर्षं दाढी-कटिंगचं दुकान चालवलं. मोठमोठ्या पुढाऱ्यांचे गळे माझ्या वस्तऱ्याखाली आले आणि सहीसलामत परत गेले. त्याबद्दल लोक मला अजून दोष देतात.

वस्तऱ्याची धार बघायची आमची रीत सोपी. हातावरून तो कोरडाच फिरवायचा. केस आपोआप गळले तर गिऱ्हाइकाला बसवायचं. माझा डावा हात जन्मभर टकलाच राहिला.

बायकोची रीत वेगळी. दोंडाईच्याच्या बाजारातून आणलेली लाकडी मुठीची एक सुरी होती तिची. धार गेली की लोणच्याची रिकामी बरणी पालथी घालायची, बुडाच्या खरबरीत कडेवर सुरी चार वेळा घासायची आणि टमाट्यावर नुसती ठेवायची. दाबायची नाही, मागं ओढायची. पातं सालीत रुतलं की झालं काम.

मी हसायचो. "हिला धार म्हणतात? हिनं बोकडाचीसुद्धा दाढी व्हायची नाही."

"माले बोकडनी दाढी करनी नही, भाजी करनी शे," ती तिच्या अहिराणीत म्हणायची. "बठ्ठा बोकड तुम्हनाच दुकानम्हा येतस." बठ्ठा म्हणजे सगळे.

सुरीला मात्र तिनं मला कधी हात लावू दिला नाही.

फाल्गुनात ती गेली. साधा ताप म्हणता म्हणता गेली. तेरा दिवस माणसं येत होती आणि जो तो सांगत होता, सुटली बिचारी. कशातून सुटली ते कोणी सांगेना. माझ्यातूनच असेल.

मुलगी जळगावला मेहरूणमधे असते. तिनं ठरवूनच टाकलं की मी आता तिच्याकडे राहायचं.

"जावयाच्या घरी बसून काय करू? रोज त्याची दाढी?" मी म्हणालो.

"आबा, तुम्हाला साधा चहा येत नाही. एकटे खाणार काय?"

"शिकेन."

"मग रविवारी येते. शेवभाजी करून घाला मला. जमली तर राहा धुळ्यात, नाही तर पिशवी भरायची."

मला हे घर सोडायचं नव्हतं. इथं जिकडे पाय टाकावा तिकडून बायको अजून माझ्यावर ओरडते. मेहरूणला कोण ओरडणार?

शनिवारी तिची सुरी काढली. पार बोथट झालेली. म्हटलं, आता कोण अडवतंय? पातं मधे खोलगट झालं होतं, कारण इतकी वर्षं तिचा हात त्याच जागी चालला. वस्तऱ्याला असा खड्डा चालत नाही. दुपारभर धारेच्या दगडावर घासून मी पातं सरळ केलं, कागदासारखं पातळ केलं, मग चामड्याच्या पट्ट्यावर घोटलं. हातावरून फिरवली. केस भुरुभुरु गळले.

"बघ!" मी मोठ्यानं म्हणालो. घरात कोणी नव्हतं.

रविवारी मुलगी समोर स्टुलावर येऊन बसली, चेहरा मास्तरणीसारखा. कांदा तर झकास कापला गेला. मग सुकं खोबरं घेतलं, काळ्या मसाल्याला ते लागतंच. सुरी दाबली आणि कर्रकन आवाज आला. धार मुडपली, दोन जागी टवके उडाले. पुढं टमाटा घेतला तर सुरी सालीवरून घसरली आणि थेट माझ्या अंगठ्यात शिरली. वस्तऱ्याला जन्मात गाल आणि साबण भेटतो, खोबरं कधी भेटत नाही. एवढी साधी गोष्ट मला म्हातारपणी कळली.

मुलीनं सुरी घेतली, उलटसुलट पाहिली.

"आबा, मधला खड्डा कुठंय?"

"घासला. धार सरळ बसावी म्हणून."

खड्डा होता तिथं तिनं बोट फिरवलं. तेव्हा मला कळलं मी काय घासलं ते. तिच्या आईच्या हाताची खूण होती ती, आणि मी ती दगडाच्या पाण्याबरोबर मोरीत सोडली होती. मी स्वतःला एक कचकचीत शिवी हासडली. मग मुलगी रडायला लागली, मीही लागलो. माझ्या अंगठ्यातनं रक्त चाललेलं, तिच्या हातात सुरी, आणि दोघं भोकाड पसरून बसलेले. कोणी दारातून पाहिलं असतं तर पोलीस बोलावले असते.

नाक पुसून मुलगी म्हणाली, "चला, पिशवी भरते."

"भाजी व्हायची आहे अजून," मी म्हणालो. "परीक्षा अर्ध्यात सोडायला मी काय चौथीत आहे?"

अंगठ्याला फडकं बांधलं. बरणी पालथी घातली, सुरी घासली. खड्डा काही परत येणार नव्हता, पण पातं टमाट्यात रुतलं. खोबरं मी बत्त्यानं फोडलं. मसाला भाजला, वाटला, रश्शाला उकळी आणली, वरून शेव टाकली आणि ताट तिच्यापुढं ठेवलं.

तिनं पहिला घास खाल्ला आणि तांब्याभर पाणी प्याली. मी पिशवी कुठं आहे ते आठवायला लागलो. तिनं फोन काढून जावयाला लावला.

"अहो, मागची खोली आबांसाठी रिकामी करताय ना? राहू द्या सध्या. नाही, भाजी खारट झालीय. पण करतात ते."

फोन ठेवून माझ्याकडे न बघता म्हणाली, "भाकर आहे का अजून?"

होती. जाडजूड, एका बाजूनं करपलेली. तिनं ती ताटात कुस्करली आणि वर आणखी रस्सा ओतून घेतला.