धरणातल्या बेटावरची दिवेवाली

दीपगृहाला समुद्रच लागतो असं कुणी ठरवलं? आमच्या आंबेगाव तालुक्यातही एक आहे, असं अवसरीची मैत्रीण म्हणाली आणि मी निघालेच.

घोडेगावहून डोंगराकडची सकाळचीच एसटी पकडा. नंतरच्या गाडीचा भरवसा नाही. शेवटच्या थांब्यावर धोंडूभाऊंची होडी मिळते. भाडं चढण्याआधी ठरवा. धरणाच्या मधोमध टेकडी आहे. कधीकाळी गावाचा माथा होती, आता बेट. वर तीन घरं, आणि उंच बांबूवर एक दिवा.

तो सांभाळतात सावित्राबाई. तांदळाची भाकरी आणि ठेचा वाढता वाढता त्या सांगत होत्या, "गाव बुडालं, पर देवळामागचा खडक पाण्याच्या जरासा खालीच ऱ्हायला. बाजारावरनं येनारी होडी त्याच्यावर आपटली. माझी नणंद गेली. दुसऱ्याच दिशी सासऱ्यांनी बांबू रोवला." सासऱ्यांनंतर नवरा, नवऱ्यानंतर त्या. कंदील जाऊन सोलर आलं, एवढाच बदल.

तेवढ्यात पलीकडच्या काठावर पर्यटकांसाठी तंबू थाटलेला मालक दोन गडी घेऊन मोटारबोटीने आला.

"मावशी, दिवा बंद करा. पाहुण्यांना तारे बघायला अंधार लागतो."

"तारं बघायला मान वर करत्यात. होडी हाकायला म्होरं बघावं लागतं."

"काठाकाठाने रस्ता झालाय आता. होडीने येतं कोण?"

"आमी."

त्याने गड्यांना खूण केली. त्यांनी बांबू उपटून दिव्यासकट पाण्यात फेकला. सावित्राबाईंनी ताट सरकवलं, कमरेपर्यंत पाण्यात शिरल्या आणि बांबू ओढू लागल्या. मग मी आणि धोंडूभाऊही उतरलो. दगड रचून तो पुन्हा उभा केला.

"पोलिसात जाईन!" मालक ओरडला.

"जा की. जाताना खडक संबाळा."

दिवा भिजूनही पेटला. तिन्हीसांजेला त्याला डाव्या हाताला ठेवून आम्ही परतलो. होडीशेजारी पाण्याखालून खडकाची काळी पाठ सरकली, तेव्हा मी होडीची कड घट्ट धरली.

पुण्यात आल्यावर धोंडूभाऊंचा फोन आला. "बांबू परत उपटला व्हता."

"मग?"

"मग काय! समद्या वाडीनं मिळून लोखंडी खांब रोवलाय, शिमिटात. वर दोन दिवं."

तंबूंचे फोटो सुंदर येतात, हे मलाही माहीत आहे. मी तिथे राहणार नाही. तुम्ही जाणार असाल तर होडीनेच जा, आणि परतताना संध्याकाळ होऊ द्या.