काट्याची हाक

तामसी गावच्या नागोरावाचा पोरगा यशवंत आदिलाबादच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये काट्यावर बसायचा. सन अठ्ठ्याण्णवात तिथे संगणकाचा वजनकाटा आला आणि गावाने त्याला साहेब करून टाकले. साहेब कसला, लाईट गेली की घामाघूम होणारा माणूस. संगणक मग बॅटरीवर चाले आणि बॅटरी दुपारीच मान टाकी. गाड्या जुन्या हातकाट्यावर जात, तिथे मापाडी काटा मारी आणि शेतकरी काठ्या काढत. एकदा नागोरावाचेच डोके तिथे फुटले होते. शेवटच्या गाडीपर्यंत संगणक चालावा आणि कोणाचे रक्त सांडू नये, एवढेच यशवंतला हवे होते.

बॅटरी कोण खातो, ते त्याने शोधून काढले. प्रोसेसर काम नसले तरी स्वस्थ बसत नव्हता, रिकाम्या घाण्याच्या बैलासारखा गरगर फिरत राही. संगणकावर लिनक्स ही प्रणाली होती. तिचा गाभा, म्हणजे कर्नल, उघडून बदलता येई. यशवंतने त्यात भर घातली: काम नसले की प्रोसेसरने झोपावे, गाडी चढून काट्याची हाक आली की उठावे. मग हाव सुटली आणि प्रोसेसरला क्षणाक्षणाला उठवणारी घड्याळाची टिकटिकही झोपेपुरती त्याने बंद केली. बॅटरी संध्याकाळपर्यंत पुरू लागली. गडी खूश झाला.

पण आपले गाडीवान मध्ये फट ठेवत नाहीत, हे तो विसरला. पुढची गाडी उतरते न उतरते तोच मागच्याचे बैल काट्यावर. एका दुपारी ‘काम नाही’ असे पाहून प्रोसेसर झोपायला निघाला आणि नेमकी तेव्हाच हाक आली. ती वाया गेली, आणि पुन्हा उठवायला टिकटिकही नव्हती. पडद्यावर आधीच्या, फकिराच्या अर्ध्याच भरलेल्या गाडीचा आकडा तसाच राहिला. काट्यावर उभी होती नागोरावाची शिगोशीग भरलेली गाडी.

“काऊन रे,” नागोराव खिडकीशी येऊन म्हणाला, “माह्या गाडीचं वजन फकिराच्या अर्ध्या गाडीएवढंच?”

“थांब बा. मशीन अडकली असंल, पाहून राह्यलो.”

“मालकाचं मीठ खाऊन बापाले काटा मारतं?”

नागोरावाने गाडीची उभारी, म्हणजे कडेचा उभा दांडा, उपसली आणि खिडकीतूनच हाणली. यशवंतच्या उजव्या हाताचे हाड मोडल्याचा आवाज साऱ्या रांगेने ऐकला. बापच मारतो म्हटल्यावर बाकीच्यांना कसली लाज? त्यांनी दार फोडले, त्याला खाली पाडले, काठ्यांनी आणि पायताणांनी तुडवले. तोंडात रक्त भरले. पडल्या पडल्या त्याने डावा हात वर नेला आणि कीबोर्डवर थाप मारली. प्रोसेसर जागा झाला. पडद्यावर खरे वजन उमटले.

नागोरावाने ते पाहिले आणि त्याच्या हातातून उभारी गळाली. “थांबा, वजन बरोबर हाय. मीच चुकलो,” तो ओरडला. कोणी ऐकले नाही. तेव्हा तो पोरावर पालथा पडला. लोक त्याच्या पाठीवर, डोक्यावर मारत राहिले.

पोलीस आले तेव्हा बाप गेला होता. खालचा पोरगा जिवंत होता.

“तुझा हात कोणी मोडला?” जमादाराने विचारले.

“बैल उधळला, साहेब,” यशवंत म्हणाला.

रांगेतले बरेच जण अजून तिथेच होते. कोणी त्याला खोटे म्हटले नाही.