रक्त चांगलं निघालं

श्रावणात कानबाई देवीच्या नैवेद्याला रोट करतात, त्यांचे गहू आमच्याकडे मुठीनं मोजतात. घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ. घरातल्या मोठ्यानं एकेकाचं नाव घ्यायचं आणि बाईनं मूठ टाकायची. चौथीतून शाळा सोडली असली तरी घरात मोठा मीच, म्हणून हा मान माझाच. त्या श्रावणात मी धाकट्या भावाचंही नाव घेतलं. बायकोची मूठ तशीच वर राहिली.

"भाऊजी गयात ना," ती हळूच म्हणाली. "इसरी गयात का?"

"तो वावरमा शे. येई आत्ते. टाक तू."

भाऊ वारून वर्ष होत आलं होतं. खांदा मीच दिला होता. हे ध्यानात आलं तेव्हा सगळं घर माझ्याकडे बघत होतं. मी तिच्यावरच ओरडलो आणि ओट्यावर जाऊन बसलो.

माझा बाप असाच गेला. आधी नावं चुकू लागली. शेवटी तर मलाच, पोटच्या पोराला, विचारायचा, "कोणत्या गावचे पाव्हणे?" मी सांगायचो. तो मान डोलवायचा आणि पुन्हा तेच विचारायचा.

पोरानं मला जळगावला मोठ्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, "आबा, विसर पडायची काही कारणं रक्तात सापडतात. साखर, थायरॉइड, अंगात रक्त कमी असणं. तसलं काही निघालं तर औषध आहे."

"आणि माझ्या बापाचं होतं ते?"

"ते या तपासणीत दिसत नाही. बरं करणारं औषधही नाही."

मी दंड पुढं केला. सुई लावणाऱ्या बाईला म्हटलं, "चांगलं भरून घ्या, कमी पडायला नको." ती हसली. आपल्याला कधी साधी गोळी लागली नाही, ही ऐट मी जन्मभर मिरवली. आणि आता रिपोर्ट येईपर्यंत देवाजवळ एकच मागत होतो, माझ्या रक्तात काहीतरी खोट निघू दे.

नाही निघाली. "एकदम चांगलं आहे," डॉक्टर म्हणाले. पोराचा चेहरा फुलला. स्टँडवर त्यानं पेढे घेतले. मला पेढा गिळवेना. ज्याला औषध आहे असं एकही दुखणं मला नव्हतं.

घरी आल्यावर बायकोला विचारलं, "मी तुले वळखं नही तर?"

"आजलगून तरी कोठे वळखं माले?" ती हसत म्हणाली. पण तिच्या हातातला पेढा काही तोंडापर्यंत गेला नाही.

तेव्हापासून सकाळी ती चहा घेऊन येते, तेव्हा मी तिच्या तोंडाकडे बघतो, मनातल्या मनात तिचं नाव घेतो, मगच कप धरतो. आज नाव लवकर येईना. ती कप घेऊन उभी. आलं एकदाचं, मी कप धरून घोट घेतला, तोवर चहा निवला होता.

"साखर कमी शे का?" तिनं विचारलं.

मी हो म्हटलं.