नंदकुमारांच्या गच्चीवरचा समुद्र

नंदकुमार तारी लखनौच्या वृंदावन योजना वसाहतीतले आमचे शेजारी. तीस वर्षं वायुसेनेत इंजिनं तपासली. मूळचे मालवणचे, म्हणजे माझ्या गावापासून दोन कोसांवरचे. लखनौत एवढं नातं सख्ख्या भावात जमा होतं. कुठलीही वस्तू आधी जमिनीवर चालवून बघायची आणि मगच हवेत सोडायची, हे त्यांचं ब्रीद. घरात नवा मिक्सर आला तरी दोन दिवस रिकामा फिरतो.

त्यांची धाकटी बहीण माणिक मालवणला आठ बायकांना घेऊन समुद्री शेवाळाची शेती करते. बांबूचे तराफे, त्यांवर दोऱ्या, दोऱ्यांना शेवाळाचे शेंडे. गेल्या साली निम्मं पीक माशांनी खाल्लं, उरलेल्यावर केसाळ तण चढलं. यंदा एकाच लागवडीपुरतं बियाणं हाती होतं. तेही गेलं, तर बायका काम सोडून पुन्हा मासळी सुकवायला जाणार. एका जाणकारानं तपकिरी शेवाळाचा अर्क दिला होता. म्हणाला, शेंडे अर्धा तास यात बुडवून बांधा, वाढ जोमानं होईल, तणही कमी धरेल. पण माणिकला धीर होईना. अर्कानं बियाणंच जळलं तर?

"आधी जमिनीवर," नंदकुमार म्हणाले आणि गाडीत बसले.

परतले ते बारा शेंडे, अर्काची बाटली आणि समुद्राच्या पाण्याचे दोन कॅन घेऊन. गंगेचं पाणी खाली नेणारे खूप पाहिले. समुद्राचं पाणी वर आणणारा हा पहिलाच. चारबाग स्टेशनवर हमालानं विचारलं, "बाबूजी, इसमें क्या है?"

"समंदर."

त्यानं कॅन हलवून पाहिला. "बस, इतना ही बचा है?"

गच्चीवर दोन टब मांडले. एकात अर्कात बुडवलेले सहा शेंडे, दुसऱ्यात कोरे सहा. रोज सकाळी सहाला हजेरी. पहिल्याच दिवशी एका माकडिणीनं टबात हात घालून चाटला, थुंकली आणि आमच्याकडे अशी पाहत गेली, जणू आम्हीच फसवलं. "बघा, कीड-नियंत्रण झालं," नंदकुमार म्हणाले.

उन्हानं पाणी आटलं की खारटपणा वाढतो, म्हणून गोडं पाणी घालावं लागतं. किती, ते कळावं म्हणून त्यांच्या मुलीनं खारटपणा मोजायचं यंत्र पाठवलं होतं. ते खोक्यातच राहिलं. "मालवणच्या माणसाला समुद्राचं मीठ यंत्रानं सांगायचं?" रोज बोट बुडवायचं, चाखायचं, "जरा जास्तच आहे," म्हणायचं आणि तांब्याभर पाणी ओतायचं. चार दिवसांत तांब्याची अर्धी बादली झाली.

आठव्या दिवशी शेंडे पांढरे पडू लागले. शनिवारी माणिकचा फोन आला. "दादा, सोमवारी बांधायचं आहे, बियाणं थांबणार नाही. बुडवू की नको?"

"उद्या सांगतो," नंदकुमार म्हणाले. जन्मात त्यांनी कामाचं उत्तर उद्यावर टाकलं नव्हतं. रात्री जेवलेही नाहीत.

रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे चहाला बसलो होतो. सुलभावहिनी कपडे वाळत घालायला वर गेल्या आणि तिथूनच म्हणाल्या, "अहो, तुमच्या समुद्रावर माकडीण पाणी पितेय. पोरालाही पाजतेय."

आम्ही जिने चढून गेलो. मायलेकरं पोटभर पिऊन तोंड पुसत होती. मी टबात बोट बुडवून चाखलं. "नंदकुमार, यात मीठ कुठंय हो?"

"असं कसं? मला तर खारट लागतंय."

वहिनींनी चाखलं आणि पायरीवर बसून पदरात तोंड लपवून हसत राहिल्या. "सहा महिने झाले, बीपीसाठी यांना अळणी जेवण देतेय. यांना आता पोळीही खारट लागत असेल."

यंत्र खोक्यातून बाहेर आलं. पाण्यात मीठ हवं त्याच्या पावही नव्हतं. नंदकुमार पाण्याच्या टाकीला टेकले. "सगळं तपासलं," ते म्हणाले, "जीभ तेवढी तपासायची राहिली."

तरी सवयीनं हजेरी घेतली. कोऱ्या टबात सहाच्या सहा पांढरे, हात लावला तर तुटत होते, वर केसाळ तण. अर्काच्या टबात दोन गेले होते. चार मात्र तपकिरी, टणक, स्वच्छ. गोड्या पाण्याचे हाल तर दोन्ही टबांनी सारखेच सोसले होते. नंदकुमारांनी पुन्हा मोजलं, मला मोजायला लावलं आणि फोन उचलला.

"माणिक, बुडव. अर्कानं जळत नाही. मी मारायचं बाकी ठेवलं नव्हतं, तरी चार जगलेत. पाच दोऱ्या कोऱ्या ठेव, ताडून बघायला. आणि माशांसाठी तराफ्याला बारीक जाळं लाव."

"पण तू त्यांना केलंस काय?"

"तुझ्या वहिनीचं जेवण घातलं."

दीड महिन्यानं माणिकचा फोटो आला. दोऱ्या मनगटाएवढ्या जाड भरल्या होत्या, कोऱ्या पाच तेवढ्या किरकोळ. बायका कामावर राहिल्या. त्या आनंदात नंदकुमारांनी जेवताना लोणच्याची फोड मागितली. वहिनी उठल्या, यंत्र आणलं, त्यांच्या आमटीत बुडवलं, आकडा पाहिला.

"बरोबर आहे," म्हणाल्या. "जेवा."