आमेनसाठी सोडलेली जागा

व्हर्नेल प्रुइटला चारचौघांत बोलायची भीती कधीच नव्हती. अमेरिकेत मिसिसिपी राज्यातल्या तिच्या गावच्या चर्चमध्ये ती उभी राहिली की आवाज शेवटच्या बाकापर्यंत घुमायचा. पण तिथं समोरचे गप्प बसत नाहीत. एक वाक्य तिचं, एक "आमेन!" त्यांचं. तेवढ्यात श्वास घ्यायचा, पुढचं सुचायचं. इथं, विधिमंडळाच्या समितीपुढं, अध्यक्षांनी आधीच तंबी दिली होती, "प्रेक्षकांतून आवाज आला तर सगळ्यांना बाहेर काढीन."

तिची मागणी साधी होती. शिक्षा भोगून झालेल्या माणसाला मताचा हक्क परत द्या, तसा कायदा करा. तिचा धाकटा भाऊ क्लीव्हन विशीच्या आत खोटा चेक वटवून तुरुंगात गेला. तिथल्या कायद्यानं असा हक्क जन्मभरासाठी जातो; आता डोकं पांढरं झालं तरी मत नाही ते नाहीच. चर्चची मंडळी बस करून आली होती, त्यांत तोही.

"माझं नाव घ्यायचं नाही हं, ताई," त्यानं दारातच बजावलं. "चर्चमधल्या निम्म्या लोकांना माहीत नाही."

"मग काय, शेजाऱ्याच्या कुत्र्याची गोष्ट सांगू?"

"सांग की. त्यालाही मत नाही."

आणि आता ती माइकपुढं उभी होती.

"एक माणूस आहे. कर भरतो. लोकांची गळकी छपरं दुरुस्त करतो. निवडणुकीला म्हाताऱ्याकोताऱ्यांना गाडीत घालून केंद्रावर नेतो, आणि स्वतः गाडीतच बसून राहतो!"

इथं चर्च उसळलं असतं. सवयीनं ती थांबली. खोली चिडीचूप. पुढचं वाक्य सापडेना.

"आभारी आहोत. पुढचे कोण?" अध्यक्ष म्हणाले.

"अहो, माझं व्हायचंय अजून!"

"तुम्हीच थांबलात, बाई. तो माणूस कोण, तेही सांगितलं नाहीत. चला, पुढचे."

शिपाई माइककडे निघाला. तोच मागं बाक करकरला. क्लीव्हन उभा होता. टोपी छातीशी, ओठ घट्ट मिटलेले. त्याच्या शेजारी चर्चमधली थोराड सिस्टर ऑगस्टा उठली; तिथं बायकांना सिस्टरच म्हणतात. मग अख्खी रांग, मग मागची. कुणी ब्र काढला नाही.

"हे काय चालवलंय?" अध्यक्ष कडाडले.

"आवाज नको म्हणालात, तो नाही केला," व्हर्नेल म्हणाली. "आमच्याकडं असं उभं राहण्याचा अर्थ, बोल बाई, आम्ही ऐकतोय."

समितीतल्या एका सभासदानं घड्याळाकडं बोट दाखवलं. "वेळ शिल्लक आहे त्यांचा."

"बोला," अध्यक्ष नाइलाजानं म्हणाले.

व्हर्नेलनं भावाकडं पाहिलं. त्यानं होकारार्थी मान डोलावली.

"तो माणूस क्लीव्हन प्रुइट. माझा सख्खा भाऊ. तो काय, तिथं उभा आहे." आणि यावेळी ती मधे कुठंच थांबली नाही.

विधेयक समितीत एका मतानं मंजूर झालं. दोन्ही सभागृहं अजून बाकीच होती. नाचण्यासारखं काही नव्हतं. बाहेर पायऱ्यांवर क्लीव्हन कुणाच्या नजरेला नजर देईना. सिस्टर ऑगस्टानं त्याच्या हातातली टोपी घेऊन त्याच्या डोक्यावर ठेवली.

"अरे, तो चेक माझ्याच बापाच्या दुकानात वटवला होतास. दारात ऐकलं मी तुझं, निम्म्यांना माहीत नाही म्हणे! चल, बस सुटेल."