न विचारता ओढलेली दोरी

सत्तरच्या दशकात मरोळच्या एका कारखान्यात मी टेलिफोन ऑपरेटर होते. समोर लाकडी बोर्ड, त्यावर भोकंच भोकं, आणि दोऱ्यांच्या टोकाला पितळी पिना. बाहेरून फोन आला की एक पिन त्या भोकात, दुसरी आतल्या माणसाच्या भोकात. जोडणं कुणालाही जमतं हो, खरी मेख तोडण्यात. आतल्याने रिसीव्हर ठेवला की बोर्डावर दिवा लागायचा, पण बाहेरच्याचं काही कळायचं नाही. म्हणून आधी लाइनवर जाऊन "झालं का?" विचारायचं, कोणी बोललं नाही तरच दोरी ओढायची. मला शिकवणाऱ्या बाईंनी हे शंभरदा घोकून घेतलं होतं. पण मी मेली उतावळी! दिवा दिसला की ओढ.

चोरून ऐकायची खोड मात्र होती. कोणाचं लग्न मोडलं, कोणता साहेब कुणावर भडकला, सगळं मला आधी कळायचं आणि हे अख्ख्या कारखान्याला ठाऊक होतं.

एका सकाळी एक फिटर माझ्या खिडकीशी आला. मालवणकडचा, अबोल माणूस.

"बाई, आज गावाहून आईचा ट्रंक कॉल येणार. आजारी आहे. भाऊ तालुक्याच्या पोस्टात घेऊन येतोय तिला. जन्मात पहिल्यांदा फोनवर बोलणार. जरा सांभाळा हां."

"काळजी नको करू रे, मी आहे ना," मी म्हटलं.

अकराला कॉल आला. फिटरच्या खात्यातला फोन कारकुनाने उचलला, "थांबा, बोलावतो" म्हणाला, आणि सवयीने रिसीव्हर जागेवर ठेवून त्याला हाक मारायला गेला. दिवा लागला. आणखी दोन फोन वाजत होते. मी न विचारता दोरी ओढली.

फिटर धावत आला, रिसीव्हर उचलून "आई? आई?" करू लागला. लाइनवर ऐकायला होते ती फक्त मी. ट्रंकवाल्यांच्या विनवण्या केल्या, लाइन काही परत मिळाली नाही. लाइन तुटली, एवढंच मी त्याला सांगितलं. कोणी तोडली, ते नाही सांगितलं.

रजा मंजूर होऊन तो निघायच्या आतच आई गेली.

तेरावं करून, डोकं भादरलेला, तो पुन्हा खिडकीशी आला. आई पोस्टातल्या फोनच्या काचेच्या खोक्यात एकटीच होती, असं भाऊ म्हणाला होता. बराच वेळ बोलली, मध्येच डोळे पुसले. पलीकडून उत्तर यायला हवं, हे तिला कुठे ठाऊक! बाहेर येऊन म्हणाली, सगळं सांगितलं त्याला.

"तुम्हाला बोर्डावर ऐकू येतं ना?" फिटर म्हणाला. "काय सांगत होती?"

'वेळेवर जेव म्हणाली' असं काहीतरी ठोकून द्यावं, अगदी ओठांवर आलं होतं. पण त्याच्या तोंडाकडे बघून खोटं बोलवेना. लाज वाटली, अजून वाटते.

"मी ऐकलंच नाही रे. तिच्या बोलण्याआधीच मी दोरी ओढली होती."

चिडला असता, चार शिव्या दिल्या असत्या, तर बरं वाटलं असतं.

"म्हणजे कोणीच नाय ऐकलं," तो एवढंच म्हणाला.